मोठ्या आईची गांडुळं आणि गोडं पाणी

गांडुळं आमच्या घरी संक्रांतीनंतर आली. मी तेव्हा अमरावतीला होस्टेलवर होते, त्यामुळे त्यांचं येणं मी पाहिलं नाही. पण आमच्या सालदारानं, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्यानं, ते मला इतक्या वेळा करून दाखवलं की आता पाहिल्यासारखंच वाटतं. मोठ्या आईचा भाऊ एस.टी.तून उतरला. एका हातात बोरांची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या तरटात गुंडाळलेला डबा. सालदाराला वाटलं, तूप असणार. त्यानं तो दोन्ही हातांनी आदरानं घेतला, ओसरीवर नेऊन ठेवला आणि न राहवून झाकण उघडलं.

"ताई, काय सांगू तुमाले," तो म्हणायचा, "तूप वळवळून राह्यलं होतं!"

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी लहान असतानाच गेले. तिला मूलबाळ नव्हतं. शेत एकत्रच होतं आणि ते बाबा पाहायचे. कुठं काय पेरायचं, कधी पेरायचं, कोणतं खत टाकायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि मोठ्या आईनं निंदायचं, वेचायचं, भाकरी घेऊन जायचं. इतक्या वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी मागितलं. विहिरीजवळचा एक एकर. नावावर नको होता. त्यात काय टाकायचं ते तिला ठरवू द्यावं, एवढंच. तिचा भाऊ अकोल्याकडं एका फळबागेत माळी होता. तिथं गांडुळांकडून काडीकचऱ्याचं खत करून घेत. ते तिनं जाऊन पाहिलं होतं, हातात घेऊन हुंगलं होतं, आणि तेव्हापासून बॅगेतलं रासायनिक खत न टाकता कपाशी काढून पाहायची हे तिच्या मनानं घेतलं होतं.

बाबांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "मृगापर्यंत पाहू, वहिनी. खत झालं तर तो एकर तुमचा. नाई झालं तर त्यातबी बॅगचंच खत पडन, आन् मंग हा विषय पुन्हा काढायचा नाई."

"नाई काढत," मोठी आई म्हणाली.

हे मला आईनं सांगितलं. एवढं बोलून मोठी आई आत गेली आणि काही गरज नसताना तिनं परातभर कणीक मळली म्हणे.

परीक्षा संपवून मी शिमग्यानंतर घरी आले. मी लहानपणापासून लांबच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे सुट्टीत घरी आलं की मी घरात पाहुण्यासारखी असायचे. घरातले सगळे 'मले-तुले' बोलत आणि माझ्या तोंडून 'मला-तुला' निघे. कुणी हसायचं नाही, पण कुणी हसेल या धास्तीनं मी आधीच गप्प बसायचे. खरे पाहुणे आले तर मागच्या दारानं गोठ्याकडं निघून जायचे. तिथंच, गोठ्याच्या मागं, मोठ्या आईनं गांडुळांचा वाफा केला होता. विटा रचून केलेलं गुडघाभर उंचीचं लांबट कुंपण, वर पऱ्हाट्या आणि तुराट्यांचं, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांचं, छप्पर, आणि वाफ्यावर ओलं तरट. घरातलं, गोठ्यातलं जे जे उरे ते तिथं जाई. बैलांनी नाकारलेला कडबा, भाजीची देठं, चहाचा चोथा, देवावरची शिळी फुलं, जुनं शेण. कडबा ती विळ्यानं बोटभर बोटभर तोडून टाकायची.

"एवढं बारीक कशाला?" मी विचारलं.

"दात हायेत का त्यायले?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाले देतो तसं द्या लागते."

डब्याबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तिका आली होती. ती तिनं मिठाच्या बरणीमागं जपून ठेवली होती, मी येईपर्यंत. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तिनं ती माझ्या हातात दिली आणि समोर मांडी घालून बसली. आई सूप घेऊन बसली. सालदार उंबऱ्याबाहेर पायरीवर. मी एकेक वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. शाळेत मी कधी आपणहून हात वर केला नव्हता. इथं तीन मोठी माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती, आणि मी थांबले की थांबत होती. दोन-तीन दिवसांत माझा आवाज मलाच वेगळा ऐकू यायला लागला.

"ताई, त्यायचं लग्न कसं लागते, थे लिवलं हाय का त्याच्यात?" सालदारानं एकदा विचारलं. तो बाबांपेक्षा वयानं मोठा होता आणि कुणाचीही चेष्टा करायचा त्याला हक्क होता.

ते लिहिलेलं होतं. पुढच्याच पानावर, चित्रासकट. मी पान उलटलं आणि त्याच्या पुढचं वाचायला लागले.

"दोन पानं चिकटलेली दिसतात," सालदार आईला म्हणाला. आईनं सूप जोरात पाखडलं.

पुस्तिकेत ओलाव्याबद्दल फार लिहिलं होतं. वाफा सुकू देऊ नये, मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, उन्हाळ्यात दोनदा पाणी शिंपडावं. आम्ही ते अगदी मन लावून करायचो. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. पाणी कुठलं, तर विहिरीचं.

आता आमच्याकडचं पाणी सांगायला हवं. ही नळ यायच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या वरवट बकालच्या आसपास, खाली पूर्णा नदीपर्यंत, कुठंही विहीर खणा, पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही इतकं खारं. प्यायचं गोडं पाणी दीड कोसावरच्या एका विहिरीवरून बैलगाडीनं टाकी भरून यायचं, एक दिवसाआड. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ, कपडे, भांडी, सगळं खाऱ्या पाण्यात. साबणाला फेस यायचा नाही, केसांचा काथ्या व्हायचा, त्याची सगळ्यांना सवय होती. पिकाला मात्र ते पाणी कुणी देत नसे. जमीन खराब होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मग आम्ही ते गांडुळांना कसं दिलं? कारण मोठ्या आईनं गांडुळं पिकात धरलीच नव्हती. "जित्राब हाय ते," ती म्हणायची. "जित्राबाले इहिरीचं पाणी चालते. बैल पेते, म्हैस पेते." आणि ते खरंच होतं. आमच्या म्हशीला गोडं पाणी दिलं तर तिनं नाक वर केलं असतं. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या मनात तर हा प्रश्न आलाच नसणार. त्याच्या गावात पाणी म्हणजे पाणी.

चैत्र सरत आला तेव्हा तरटाच्या कडेनं आणि वाफ्याच्या वर पांढरं पांढरं दिसायला लागलं. मोठी आई मला हाताला धरून घेऊन गेली.

"पुस्तकात काई हाय का याचं?"

होतं. कुजताना पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ते काम नीट चालल्याचं लक्षण आहे, असं होतं. मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मोठ्या आईचा चेहरा असा काही उजळला की तिनं त्याच पावली आत जाऊन कुंकवाची कोयरी आणली आणि वाफ्याच्या एका विटेला बोट लावलं. संध्याकाळी बाबा शेतातून आले तर त्यांना तिनं हात धुवायच्या आधीच सांगितलं, "भाऊजी, बुरशी आली!"

"बुरशी आली म्हणून खुश होणारी बाई पहिल्यांदाच पाहून राह्यलो," बाबा म्हणाले. पण ते वाफ्याकडं जाऊन आले.

पुढं जे झालं ते मी लिहायचं टाळत आले आहे. मला दोनच दिवसांनी शंका आली होती. होस्टेलवर शिळ्या पावाला आलेली बुरशी मी पुष्कळदा पाहिली होती. ती मऊ असते, तिला केस असतात. हे कोरडं होतं. खरवडलं की पापुद्रा निघत होता. आणि तो पापुद्रा मी दुसरीकडंही पाहिला होता. विहिरीच्या काठावर बादली टेकवायच्या दगडावर, म्हशीच्या हौदाच्या कडेला, दोरीवर वाळलेल्या माझ्याच परकराच्या घेराला. मी हे सगळं जोडून पाहिलं आणि गप्प बसले. मला वाटलं, पुस्तिकेत लिहिलं आहे ते चूक कसं असेल. पण ते खरं कारण नव्हतं. मी दोनदा वाचून दाखवलेलं वाक्य परत घ्यायचं, सालदारासमोर, आईसमोर, हे मला जमेना. वाफ्याच्या कडेला गांडुळं जमू लागली तेव्हा मोठ्या आईनं विचारलं, "ऊन लागून राह्यलं असन का?" आणि मी म्हणाले, "असेल. पाणी वाढवू."

पाणी वाढवलं. आणखी दोन दिवस.

मग एका दुपारी सालदार एरंडाच्या पानावर काहीतरी घेऊन आला. चेष्टा न करता त्यानं ते पान मोठ्या आईपुढं धरलं. पानावर वाळलेल्या दोऱ्याचे तुकडे असावेत तशी आठ-दहा गांडुळं होती. "विटायवर येऊन मरून राह्यले, मोठ्या बाई."

आम्ही सगळ्या वाफ्यापाशी गेलो. मोठ्या आईनं तरट उचललं. ती बराच वेळ उकिडवी बसून पाहत राहिली. मग तिनं त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं आणि बोट तोंडात घातलं.

आईच्या तोंडून "अगंबाई" निघालं. मोठी आई थुंकली. तिनं मान वळवून विहिरीकडं पाहिलं.

"आपणच मीठ घातलं त्यायले," ती म्हणाली. "रोज. दोन टायमाले."

तिनं मला एक शब्द विचारला नाही. उलट म्हणाली, "तू काय करशीन माय, तू तर जसं लिवलं तसं वाचलं. मले कळाले पाह्यजे होतं. एवढे वर्षं झाले या पाण्यात." मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी तिच्याशेजारी बसले आणि जिवंत असलेली गांडुळं बोटांनी वेचायला लागले. आधी मला ती हातात धरवत नसत. त्या दिवशी ते आठवलंच नाही.

वरचा चार बोटं थर तिनं खरवडून लांब टाकला. खालचं उकरून बघितलं, तेही जिभेवर ठेवून. खाली खारट नव्हतं. काळं, रवाळ, चहापत्तीसारखं खत तळाशी तयार झालेलं होतं. ते तसंच ठेवलं. वाचलेली गांडुळं एका संत्र्याच्या पेटीत भरली, जुन्या शेणात आणि सुक्या पाल्यात. आता त्यांना गोडं पाणी हवं होतं, आणि गोड्या पाण्याच्या टाकीला हात लावायचा नव्हता. तो बाबांचा नियम होता आणि वैशाखात कुणी त्याविरुद्ध बोललं नसतं. मोठी आईही नाही.

"मंग टाकीतून घ्याचंच नाई," ती म्हणाली. "वापरून झालं का घ्याचं."

तोवर मला ठाऊक नव्हतं की घरात वापरून झालेलं पण खारं नसलेलं पाणी किती असतं. तांदूळ धुतलेलं. डाळ धुतलेलं. मटकी भिजवलेलं. माठाच्या बुडाशी उरलेला गाळ. आई पहिले दोन दिवस कुरकुरली, मग स्वतःच पातेलं बाजूला काढून ठेवू लागली. सगळ्यात भरवशाचा होता ओसरीवरचा माठ. पाहुण्यांसाठी घडवंचीवर ठेवलेला तो मोठा माठ रात्रंदिवस पाझरायचा. मोठ्या आईनं संत्र्याची पेटी त्या घडवंचीखाली सरकवली आणि वरून तरट टाकलं.

"पाण्याच्या जागी किडे?" आई म्हणाली.

"पाण्याच्या खाली," मोठी आई म्हणाली.

आणि पेल्यांत उरलेलं पाणी. हे माझ्याकडं आलं. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग बोलणं. लग्नसराईचे दिवस, पत्रिका द्यायला रोज कुणी ना कुणी यायचं. माणसं पेल्यातलं अर्धं पितात, अर्धं ठेवतात, आणि ते अर्धं अंगणात फेकलं जायचं. मी ते फेकू देणार नव्हते. त्यासाठी मला ओसरीवर यावं लागलं. मागच्या दारानं जाणारी मी तांब्या-पेला घेऊन पुढच्या दारानं बाहेर येऊ लागले. पेले काठोकाठ भरायचे. थोडं रिकामं झालं की पुन्हा भरायचे. शिकले मी ते. पाणी देऊन मी खांबाला टेकून उभी राहायचे आणि पेला कुणी कधी खाली ठेवतो तिकडं लक्ष ठेवायचे.

दुसरबीडकडचे एक म्हातारे पाहुणे आले होते. बाबांच्या आत्याचे दीर. उन्हातून आलेले. मी पेला भरला, त्यांनी एका दमात संपवला. पुन्हा भरला, पुन्हा संपवला. तिसऱ्यांदा भरला.

"बाप्पा!" ते बाबांना म्हणाले. "पोरीच्या हाताले काय माया हाय! पेला रिकामा राहू देत नाई." आणि तोही पिऊन टाकला.

आत मोठी आई पदर तोंडाला लावून हसत होती. "एक थेंब नाई ठेवला म्हाताऱ्यानं," ती आईला म्हणाली. "लेकरं उपाशी राह्यले आज."

बाबांना मात्र माझा फार अभिमान वाटायला लागला होता. पोरगी सुधारली, माणसांत आली. असं ते चार-आठ दिवस समजत होते. मग एका दुपारी पाहुणे फाटकाबाहेर जाताच मी चार पेल्यांतलं पाणी एका तांब्यात गोळा केलं आणि घडवंचीपुढं गुडघे टेकून खाली ओतलं. मागं वळले तर बाबा तिथंच उभे. चपला घ्यायला परत आले होते.

"तिथं काय ओतून राह्यली?"

मी तांब्या पाठीमागं धरला. बाबा वाकले. त्यांनी तरटाचा कोपरा उचलला, बराच वेळ पाहिलं, तरट परत नीट अंथरलं, चपला घातल्या आणि गेले.

रात्री जेवताना मी मान वर केली नाही. बाबांनीही काही काढलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला अर्धा प्यायला आणि उरलेला माझ्यापुढं सरकवला. दुसऱ्या दिवशीही तेच.  पण मृगाची अट काही त्यांनी मागं घेतली नव्हती, आणि मोठी आईही ती विसरली नव्हती. रोज सकाळी ती पेटी ओढून बाहेर काढायची आणि बोटानं हळूच उकरायची. आधी मोठी मोठीच दिसत. मग एक दिवस तिनं मला हाक मारली. तिच्या नखावर पांढरट, केसाएवढं बारीक काहीतरी हलत होतं.

"हे बाळंतपण त्या चिकटलेल्या पानावर होतं वाटते," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

मृग लागला. पेरणीजोगी ओल झाली. बाबांनी बाकीचं रान आधी उरकलं आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या आईच्या एकराकडं वळले. आम्ही दोघी तिथं आधीच गेलो होतो. वाफ्याच्या तळचं आणि पेटीतलं मिळून जे खत निघालं ते बांधावर ढीग करून ठेवलं होतं, ओल्या तरटाखाली. ढीग म्हणायला संकोच वाटेल एवढाच होता तो. टोपल्या भरल्या तर बारा-तेरा.

बाबा गाडी घेऊन आले. गाडीत सरकी होती आणि खताची एक बॅग होती. सालदारानं बैल थांबवले. 

बाबांनी तरट उचलून पाहिलं. मूठ भरून घेतली, चुरली, हुंगली. "चांगलं झालं, वहिनी," ते म्हणाले. "खोटं नाई बोलत. पण एकराले एवढं?"

"मुठीनं टाकीन," मोठी आई म्हणाली. "जिथी सरकी टोबली, तिथीच. सगळ्या रानात फेकत नाई."

"तरी पुरन का?"

 पुरणार नाही हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

"आपलं ठरलं होतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच अवघड वाटलं. "त्या किड्यायनं केलं तेवढं केलं. अर्धे तर मेलेच ना उन्हाळ्यात."

"त्यायची चूक नाई ते," मोठी आई म्हणाली. "माही चूक हाय. खारं पाणी मी घातलं. मले कळालं नाई. टाका बॅग."

तिनं एवढं म्हटलं आणि ती खाली वाकून उगाच तरटाची घडी करायला लागली.

"मला कळलं होतं," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. मी गडबडले की माझं मराठी नेहमी जास्तच पुस्तकी होतं. तसंच झालं. मी म्हणाले, "ती बुरशी नव्हती हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. चार दिवस आधी. मी कुणालाही सांगितलं नाही. उलट पाणी वाढवायला सांगितलं. गांडुळं माझ्यामुळे मेली. मोठ्या आईनं अर्धं खत त्याच्याआधीच करून दाखवलं होतं."

"कळालं होतं त मंग बोलली काऊन नाई?" बाबांनी विचारलं.

मी खूप विचार केला असता तर दुसरं काही सांगितलं असतं. "सगळे माझं ऐकत होते," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."

सालदारानं बैलाच्या मानेवरची माशी उडवली. मोठी आई तरट हातात घेऊन तशीच उभी होती. ती माझ्याकडं रागानं पाहील असं मला वाटलं होतं. ती पाहत होती, पण रागानं नाही. काहीतरी तपासून घ्यावं तसं. मग तिनं माझ्या डोक्यावरून घसरलेला, उन्हासाठी बांधलेला पंचा ओढून नीट केला. जरा जोरातच ओढला.

बाबा बांधावर बसले. त्यांनी चप्पल काढून त्यातली माती झटकली. "मी तर इथंच जन्मलो," ते म्हणाले. "मीबी जाऊन पाह्यलं होतं ते पांढरं. माह्या डोक्यात तरी कुठी आलं?" थोड्या वेळानं ते उठले आणि सालदाराला म्हणाले, "रेघा ओढून दे त्यायले. उभ्या-आडव्या. अंतर मोठ्या बाईले इचार."

"कोणतं अंतर, मोठ्या बाई?" सालदारानं विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा होती की नाही मला कळलं नाही. पण त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. मोठ्या आईनं हातानं दाखवलं.

रेघा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं ती बोटानं खड्डा करून सरकी टोबत पुढं चालली आणि मी मागून मूठ मूठ खत टाकून पायानं माती लोटत गेले. मुठीतून एखादं गांडूळ वळवळत यायचं, मग मी थांबायचे, ते कमरेला बांधलेल्या डब्यात टाकायचे. ती न वळता म्हणायची, "चाल चाल, डब्यात काय मोजून राह्यली?" दुपारपर्यंत निम्मं रान झालं. ढीग निम्म्याहून जास्त उतरला होता.

"आता मुठीनं नाई," ती म्हणाली. "तीन बोटांनी घे."

तीन बोटांनी घेतलं तरी शेवटचे चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, राहिल्या. टोपली मी उलटी करून थोपटली. काही पडलं नाही. बाबा दुसऱ्या बाजूनं आमच्याकडं येत होते. त्यांनी रिकामी टोपली पाहिली, गाडीपाशी गेले आणि बॅगेच्या तोंडाची सुतळी सोडायला लागले.

"चार तासच हायेत, वहिनी," ते म्हणाले. "एवढ्याले टाकून देतो. उगाच मागं राहातीन बाकीच्याहून."

"नका टाकू."

"अवो, उपाशी राह्यतीन ते."

"राहू द्या उपाशी," मोठी आई म्हणाली. ती कमरेवर हात ठेवून त्या चार तासांकडं पाहत होती. "तीन बोटांचं काय होते, मुठीचं काय होते, आन् काईच नाई त्याचं काय होते, मले पाह्यचं हाय."

बाबा सुतळी हातात धरून क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी बॅगेचं तोंड गोळा केलं आणि सुतळी पुन्हा बांधली.